साडेतीनशे रुपयांचा चौकोन

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्या सात मजली इमारतीत कुणाच्या गाडीचा विमा संपत आला, की तो कंपनीला फोन करत नसे, आणि एजंटला तर मुळीच नाही. रविवारी सकाळी आरसी बुक घ्यायचं आणि दुसऱ्या मजल्यावर श्रीरंग सामंतांकडे जायचं, एवढंच. सामंतकाका कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, मोबाइलवर चार-पाच कंपन्यांचे भाव काढत आणि पंधरा मिनिटांत असा काही आकडा समोर ठेवत, की आलेला माणूस खूश होऊन जाई. फी म्हणून एक पैसा नाही. चहासुद्धा त्यांच्याच घरचा.

मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत बिलं तपासण्यात चौतीस वर्षं घालवलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी इमारतीतल्या गाड्या धरल्या. आणि खरं सांगायचं तर, ‘काका, तुम्ही होतात म्हणून झालं’ असं म्हणणारं कुणीतरी माणसाला म्हातारपणी लागतंच. सामंतांना असं म्हणणारी बेचाळीस घरं होती. ते त्या आनंदात पार बुडाले होते, आणि त्याबद्दल त्यांना हसण्यात अर्थ नाही; आपणही तेच केलं असतं.

त्यांची युक्ती काही फार मोठी नव्हती. विम्याच्या फॉर्ममध्ये शेवटी शेवटी एक चौकोन येतो. गाडीचा मालक स्वतःची गाडी चालवताना अपघातात गेला, तर त्याच्या घरच्यांना पंधरा लाख मिळावेत, असा एक विमा असतो आणि तो सक्तीचा असतो. मात्र असा विमा तुमच्याकडे आधीच असेल, तर त्या चौकोनात खूण करून तसं कबूल करायचं, म्हणजे तेवढे पैसे कमी होतात. सामंत सगळ्यांच्याच फॉर्मवर ती खूण करत. साडेतीनशे रुपये वाचत. कुणाकडे असा विमा खरंच आहे की नाही, हे विचारण्याच्या भानगडीत ते पडत नसत. वर पुन्हा ओटीपीची कटकट नको म्हणून फॉर्मवर नंबर आणि ईमेल स्वतःचाच घालत. पॉलिसी त्यांच्याच मोबाइलवर येऊन पडे आणि लोक ती मागतही नसत. काकांकडे आहे म्हणजे आहे, असा सगळा कारभार.

ऑगस्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा जितेश शिर्के गेला. वय चौतीस. गोखिवऱ्याच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. त्या दिवशी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सेबेस्टियनला ताप भरला, म्हणून जितेश त्याला आपल्या गाडीतून भुईगावला घरी सोडायला गेला. परतताना वाडीतल्या अरुंद वळणावर समोर गाय आली. त्याने गाडी वळवली, ती घसरली आणि थेट बावखलात गेली. वसईच्या वाड्यांमधली ही गोड्या पाण्याची जुनी तळी वरून शांत दिसतात, पण पावसाळ्यात माणसाच्या डोक्यावर पाणी असतं. दुसरी गाडी नाही, कुणाची चूक नाही. सेबेस्टियन तापातच पळत आला आणि पाण्यात उतरला.

बाराव्या दिवशी सेबेस्टियन ज्ञानदाकडे आला होता. ज्ञानदा म्हणजे जितेशची बायको. पाच वर्षांची ऋतिका तिच्या मांडीवरून उठत नव्हती. वडील गेल्यापासून पोरगी कुणाशी बोलत नव्हती आणि आईचा पदर सोडत नव्हती. सामंतही तिथेच बसले होते.

‘‘पानी काळं होतं काका,’’ सेबेस्टियन म्हणाला. ‘‘दारच उघडेना. मला सोडायला आला नसता तर...’’ मग त्याने नाक पुसलं आणि आल्या कामाचं सांगितलं. ‘‘वहिनी, साहेबांनी विचारलंय. स्टोअरमध्ये एक जागा आहे, तुमचं बीकॉम आहे तर तुम्हाला देतो म्हणालेत. महिनाअखेर सांगा, म्हणजे तोपर्यंत दुसऱ्याला घेणार नाहीत. आणि ते विम्याचंही बघा. गाडीचा मालकच चालवत असला तर पंधरा लाख मिळतात. आमच्या वाडीत एकीला मिळाले. सक्तीचंच असतं ते.’’

ज्ञानदाने सामंतांकडे पाहिलं. बारा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रडण्याखेरीज दुसरं काहीतरी दिसलं. ‘‘काका, पॉलिसी तुमच्याकडेच आहे ना?’’

‘‘आहे,’’ सामंत म्हणाले. ‘‘बघतो.’’

बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांना जानेवारीतला तो रविवार अगदी स्वच्छ आठवत होता, कारण बेचाळीस जणांत फॉर्म वाचणारा जितेश हा एकटाच निघाला होता. ‘‘काका, यात लिहिलंय की माझ्याकडे असा विमा आधीच आहे,’’ तो म्हणाला होता. ‘‘माझ्याकडे तर नाहीये.’’ मनोरमाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्याही म्हणाल्या, ‘‘नसेल तर कशाला खोटं लिहिता हो?’’ बायकोने चारचौघांत चूक काढली की सामंतांच्या अंगाचा तिळपापड होई. ‘‘तू आत जा,’’ असं तिला सांगून ते जितेशला म्हणाले होते, ‘‘अरे, कोण बघायला येतंय?’’ जितेश चुळबुळला. ‘‘राहू दे ना काका, साडेतीनशेच तर आहेत. तेवढे भरतो मी.’’ पण तोवर सामंतांचं बोट चौकोनावर टेकलं होतं. मोठ्या माणसाशी हुज्जत घालायची नाही, या चांगल्या वळणाचा तो मुलगा. हसला, पैसे दिले आणि गेला.

म्हणजे त्याने नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. हे जगात आता दोघांनाच ठाऊक होतं, सामंतांना आणि त्यांच्या बायकोला.

त्या रात्री मनोरमाबाईंनी विचारलं, ‘‘ज्ञानदाला सांगितलंत?’’ सामंत म्हणाले, आत्ताच कुठे, जरा सावरू दे तिला. आठवड्याने पुन्हा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, कंपनीला पत्र लिहून बघतो आधी, काहीतरी मार्ग निघेल. मार्ग निघणार नाही हे बिलं तपासलेल्या माणसाला कळत नव्हतं असं थोडंच आहे. पण दार लागलेलं असलं तरी माणूस कडी हलवून बघतो, आणि तेवढा वेळ आत जाऊन तोंड दाखवणं टळतं.

त्याऐवजी त्यांनी गाडीच्या नुकसानीचं काम अंगावर घेतलं. सर्व्हेअरला घेऊन भुईगावला गेले, चिखलाने भरलेल्या गाडीचे फोटो काढून घेतले, पोलिसांचे कागद आणले, उन्हात चार खेपा घातल्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडीचे दोन लाख दहा हजार मंजूर झाले. लोक म्हणाले, सामंतकाका होते म्हणून. सामंतांना ते ऐकवत नव्हतं, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘आणि जितेशचे?’’ ज्ञानदाने विचारलं.

‘‘ते वेगळं असतं,’’ सामंत म्हणाले. ‘‘त्याला वेळ लागतो.’’

आजवर ते फक्त गप्प होते. हे मात्र खोटं होतं, आणि ते तोंडातून इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

त्याच संध्याकाळी ती परत आली, ऋतिकाला कडेवर घेऊन. कारखान्याला उत्तर द्यायचा उद्याचा शेवटचा दिवस होता. साहेबांनी तिच्यासाठी एक महिना वाढवून दिला होता. ‘‘काका, मला काही सुचत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘ही मला बाथरूमलासुद्धा जाऊ देत नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत हिला कुणाकडे टाकू? डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी हिच्याजवळ राहा. मला वाटतं, नोकरी नको म्हणून सांगावं. पंधरा लाख येतील तेव्हा घराचं बँकेचं कर्ज थोडं फेडेन, बाकीच्यात वर्ष-दीड वर्ष निघेल. मग बघेन काहीतरी. तुम्ही काय म्हणता? तुम्ही म्हणाल तसं करते.’’

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मनोरमाबाईंनी गॅस बारीक केला आणि त्या तिथेच थांबल्या. बाहेर यजमान काय बोलतात ते त्यांना ऐकायचं होतं.

एक वाक्य बोलायचं होतं. ‘ज्ञानदा, ते पैसे येणार नाहीत, तू नोकरी धर.’ सामंतांनी ते मनात जुळवलंसुद्धा. मग त्यांनी ऋतिकाकडे पाहिलं, ज्ञानदाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, आणि त्या डोळ्यांमध्ये आपल्याबद्दल जे होतं ते आता कायमचं जाणार, हेही पाहिलं.

‘‘तुझ्या मनाला पटेल ते कर, बाळ,’’ ते म्हणाले.

ती बिचारी त्यांच्या पाया पडून गेली. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याला नाही म्हणून कळवलं.

मनोरमाबाई त्यानंतर नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. पुढच्या रविवारी पाचव्या मजल्यावरचे रामनाथ विम्यासाठी आले. सामंतांनी या खेपेला चौकोन रिकामा ठेवला. रामनाथांनी आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘काका, गेल्या वर्षी कमी होते ना? यंदा तुमचा हात चालेना का?’’ चेष्टाच होती. पण सामंतांना ती झोंबली. ‘बाबा रे, हे पैसे तुझ्या बायकोपोरांसाठी आहेत’ असं सांगायचं, तर मग जितेशचं काय केलंत, हा प्रश्न आलाच असता. त्यांनी बोट टेकवलं. साडेतीनशे कमी झाले. रामनाथ खूश होऊन गेले.

ऑक्टोबर गेला. पैसे येईनात, तेव्हा काकांना किती त्रास द्यायचा म्हणून ज्ञानदा सेबेस्टियनला घेऊन स्वतःच विमा कंपनीच्या शाखेत गेली. काकांना त्रास नको म्हणून. दुपारी ती सरळ सामंतांच्या दारात आली. हातात छापून आणलेले दोन कागद होते. रडून झालेलं दिसत होतं.

‘‘मिळणार नाहीत म्हणाले,’’ ती आत येऊन बसत म्हणाली. ‘‘इथे खूण आहे. असा विमा आधीच आहे, असं जितेशने लिहून दिलंय म्हणे. मी घरभर शोधलं काका. असा कुठलाच विमा नाही.’’

सामंतांनी कागद हातात घेतला. चष्मा कपाळावरच राहिला होता. दिसत काही नव्हतं, तरी ते कागदाकडे बघत बसले.

‘‘कारखान्यातली जागा भरली,’’ ती म्हणाली. ‘‘मी येताना विचारून आले. आता बँकेचे हप्ते कसे भरायचे मला माहीत नाही. भाऊ साताऱ्याला चल म्हणतोय, घर विकून. ते जाऊ दे. मला एकच सांगा काका. फॉर्म भरताना जितेश इथे होता ना? त्याला हे माहीत होतं?’’

ती त्यांच्यावर आरोप करत नव्हती. तिच्या मनात तसं आलंच नव्हतं. खरं सांगायला तिने दार सताड उघडं ठेवलं होतं, आणि ज्या बाजूला वळायला नको होतं त्याच बाजूला सामंत वळले.

‘‘माहीत होतं,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला विचारूनच केलं. साडेतीनशे रुपये वाचत होते.’’

ज्ञानदाने त्यांच्या हातातला कागद परत घेतला.

‘‘मी रोज त्याच्या फोटोशी बोलते,’’ ती मग म्हणाली. ‘‘म्हणते, बघ, जाताना पण तू आमची सोय करून गेलास. ऋतिकाला पण तेच सांगितलंय, बाबा आपल्यासाठी ठेवून गेलाय.’’ तिने कागदांची घडी घातली. ‘‘साडेतीनशे रुपये. पोरीचा एकदासुद्धा विचार आला नाही त्याच्या मनात.’’

ती उठली, आणि जिन्याने वर गेली.

मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

‘‘पैसे गेले तिचे,’’ त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘‘तुम्ही गप्प बसलात म्हणून नोकरी गेली. आता तिचा नवराही काढून घेतलात.’’

‘‘मी सांगणार आहे,’’ सामंत म्हणाले. ‘‘जरा शांत होऊ दे तिला. उद्या सकाळी सांगतो.’’

बाईंनी ओले हात पदराला पुसले आणि चपला पायात सरकवल्या. ‘‘मी त्या दिवशी इथेच उभी होते. तो दोनदा नको म्हणाला. ते तिला कळलं पाहिजे, आणि आजच कळलं पाहिजे. तुम्ही येताय, की मी एकटीने जाऊ?’’

सामंत खुर्चीतून उठले. दारापर्यंत आले. गुडघे धरत एकेक पायरी चढणाऱ्या बायकोची पाठ त्यांना दिसत होती, आणि त्यांना वाटलं, अजून दहा-बारा पायऱ्या आहेत, आपण सहज गाठू. वर बेल वाजली. दार उघडलं. ‘‘या ना काकू,’’ ज्ञानदाचा आवाज आला, ‘‘काका नाही आले?’’

सामंतांनी आवाज होणार नाही अशा बेताने आपलं दार लावून घेतलं.