पाठ कोणाची

गल्लीत त्याला पाठमोरे म्हणत, आणि त्याचा त्याला राग नव्हता, अभिमानच होता. एका बड्या नटाचा तो डमी. पडद्यावर नट पाठमोरा चालत असेल तर तो नट नसतो, मी असतो, असं त्यानं पहिल्याच चित्रपटापासून घरी सांगून ठेवलं होतं. आई गल्लीतल्या बायकांना गोळा करून त्याच्यासह चित्रपटाला न्यायची आणि पाठ दिसली रे दिसली की ओरडायची, "हा माझा!" पुढच्या क्षणी ती पाठ वळायची आणि नटाचा चेहरा दिसायचा. बायका म्हणायच्या, "काय बेमालूम जोडलंय!"

खरी गोष्ट अशी, की कॅमेऱ्यानं त्याला कधी टिपलंच नव्हतं. नटासारखाच कोट घालून नटाच्या जागी उभं राहायचं, दिवेवाले उजेड बसवून घ्यायचे, मग नट यायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "चल, बाजूला हो." बाजूला होण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग नटाच्या मॅनेजरचा खून झाला. मॅनेजरच्या जिन्यावरच्या कॅमेऱ्यात वांगी रंगाचा लांब कोट घातलेला एक माणूस वर जाताना दिसत होता, तोही पाठमोरा. उतरताना त्यानं कॉलर वर करून मान खाली घातली होती. तसे कोट दोनच शिवलेले, एकाच मापाचे, एक नटाचा आणि एक ह्याचा. दोन्ही कपडेपटाच्या गाडीत शेजारीशेजारी टांगलेले असत, आणि त्यातल्या एकावर रक्त सापडलं. पोलिसांनी नटाला धरलं आणि नटाच्या वकिलांनी ह्याला. त्या संध्याकाळी तो घरीच होता, पण त्याला साक्षीदार कोण, तर आई. आईच्या साक्षीला कोण विचारतो?

कोर्टात नटाच्या वकिलांनी मोठा पडदा लावला. एका बाजूला जिन्यावरचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला चित्रपटातला तसलाच जिना, तसलाच कोट. चालण्याची ढब, मानेची ठेवण, खांद्यांची रेघ, सगळं मापून तज्ज्ञांनी सांगितलं की दोन्ही पाठी एकाच माणसाच्या. वकिलांची सगळी सकाळ त्यात गेली. मग ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या डमीकडे वळले.

"चित्रपटातली ही पाठ कोणाची?"

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं 'साहेबांची' म्हणून घर गाठलं असतं. पण पहिल्या बाकावर आई बसली होती आणि तिच्या मागे अर्धी गल्ली. त्यानं आईकडे पाहिलं आणि शपथेवर सांगितलं, "माझी."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. नट त्याच्याकडे बघून हसला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"खोटं बोलतोय तो!" आई उभी राहिली होती.

न्यायाधीशांनी आधी तिला दटावलं आणि मग पिंजऱ्यात बोलावून शपथ दिली. नटाच्या वकिलांना आनंदच झाला.

"आजी, चित्रपट बघताना 'हा माझा' म्हणून कोण ओरडायचं?"

"मीच."

"म्हणजे पाठ ह्यांचीच ना?"

"नाही हो. ती तुमच्या साहेबांचीच. ह्याचा डावा खांदा जन्मापासून पडका आहे. पडद्यावरचा सरळ आहे. ह्या जिन्यावरचाही सरळ आहे."

दोन्ही पाठी एकाच माणसाच्या, हे सकाळभर नटाच्या वकिलांनीच सिद्ध केलं होतं.

न्यायाधीशांनी मुद्देमालातला दुसरा, डाग नसलेला कोट मागवला. "हा घाला," ते त्याला म्हणाले, "आणि कोर्टाकडे पाठ करून उभे राहा."

त्यानं कोट घातला आणि तो वळला. समोर भिंत, भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ. त्याची पाठ बघायला एवढी माणसं कधीच जमली नव्हती. कोट डावीकडे लोंबत होता, खांदा चांगला दोन बोटं खाली. आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात, पण त्या वेळी त्याला ती इंच न् इंच कळत होती. मागून गल्लीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, ही पाठ तर कुठल्याच चित्रपटात नव्हती."

"आता खरं सांगा," न्यायाधीश म्हणाले. "चित्रपटातली पाठ कोणाची?"

"साहेबांची," त्यानं भिंतीला सांगितलं. "सगळ्या चित्रपटांत साहेबांचीच. मी कुठेच नाही."

खोट्या साक्षीबद्दल त्याला सज्जड दम मिळाला आणि नटाची रवानगी पुन्हा कोठडीत झाली. सरकारी वकिलांनी त्याची पाठ थोपटली, तीही चुकून डाव्या खांद्यावर. बाहेरच्या व्हरांड्यात गल्लीतली माणसं त्याच्याकडे न बघता पुढे निघून गेली. त्याच्या जिवावरचं टळलं होतं, पण त्याला बरं वाटत नव्हतं. आई बाकावर बसून चपलेचा पट्टा लावत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या चित्रपटापासून."

"मग सगळ्या गल्लीला घेऊन ओरडायचीस कशाला?"

"अरे, तू पडद्याकडे बघायचास का कधी?" आई म्हणाली. "सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसायचास. मग मी काय करणार?"