सात नंबरचा मुस्तफा

"पाच झाल्या," खुर्ची ढकलता ढकलता मुस्तफा म्हणाला. "आता दोनच राहिल्या, अम्मा."

"सहा झाल्या," हलिमा म्हणाली.

"पाच."

"सहा रे. हे बघ." तिने मान न वळवता हात वर केला. बोटात अडकवलेल्या छोट्या काउंटरवर सहाचा आकडा होता.

"तू दोनदा दाबलं असशील."

तवाफच्या, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्यांत शंका आली तर कमी आकडा धरायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. "बरं, पाच धर," हलिमा म्हणाली आणि पुन्हा दुआ पुटपुटू लागली. काउंटरवरचा आकडा मात्र तिने मागे घेतला नाही.

व्हीलचेअरवाल्यांची वाट वरच्या मजल्यावरून जात होती आणि तिथली एकेक फेरी लांबलचक. त्या दोन फेऱ्या संपेपर्यंत हलिमाचा आवाज बारीक झाला. इहरामच्या पांढऱ्या कापडाबाहेर मुस्तफाच्या उघड्या खांद्यावर घाम होता, पण तो श्रमाचा नव्हता. आपण खरंच पाच मोजल्या होत्या का, हे तो आठवून बघत होता. तिसरी फेरी आठवत होती. त्यानंतर एकदम आपण "पाच" म्हणालो ती जागा. मधलं काही नव्हतं.

मोजणं हेच त्याचं काम होतं. चौदा वर्षं त्याचा पगार त्यासाठी होता. त्याच्या रग्बीत, म्हणजे रग्बी लीगमध्ये, एका टीमला सहा वेळा आडवं पाडेपर्यंत चेंडू मिळतो. सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं लागतं, आणि ते ठरवतो हाफबॅक, सात नंबरची जर्सी घालणारा. टीममध्ये बहुधा तोच सगळ्यांत बुटका. शंभर-शंभर किलोची माणसं त्याच्या हाताच्या खुणेवर पळतात. मागे न बघता कोण कुठे उभा आहे हे त्याला कळावं लागतं. मुस्तफाला कळायचं. शाळेत असतानाच कळायचं.

परकारांचं घर ब्लॅकबर्नला. बाप हर्णैहून कापडगिरणीत कामाला गेलेला. पोरानं रग्बी खेळावं हे त्याला कधीच पटलं नाही. "गोऱ्यांच्या अंगावर आदळून काय मिळतं?" एवढंच तो विचारायचा. मुस्तफा पंधरा वर्षांचा असताना क्लबच्या अकादमीचा फॉर्म आला, पालकाच्या सहीसकट परत द्यायचा होता. बाप रात्रपाळीला गेल्यावर हलिमाने त्यावर सही केली, मराठीत, बाणकोटच्या शाळेत शिकली होती तशी. अकादमीच्या माणसाने ती अक्षरं उलटसुलट करून बघितली आणि फॉर्म फाइलला लावला.

एकोणिसाव्या वर्षी तो पहिल्यांदा मोठ्या टीमकडून उतरला. नंतर तीन क्लब, दोनशेहून जास्त सामने. इंग्लंडकडून कधी खेळला नाही. वर्तमानपत्रात नाव यायचं ते आतल्या पानावर, तेही स्पेलिंग चुकवून. पण यॉर्कशायरच्या दोन-तीन गावांत अजूनही कुणी पबबाहेर उभा राहून त्याला हाक मारायचा, "मुस्सी! तो ड्रॉपगोल!" सप्टेंबरमध्ये जुन्या क्लबचा करार संपला. आता नव्या क्लबने एका मोसमासाठी बोलावलं होतं. मंगळवारी डोक्याची तपासणी होती. ती पार पडली की सही. मधले दहा दिवस मोकळे होते, म्हणून पहिल्या पगाराच्या वेळी अम्माला दिलेला उमराचा, म्हणजे छोट्या हजचा शब्द पाळायला तो मक्केला आला होता.

सईला, म्हणजे सफा आणि मरवा टेकड्यांमधल्या खेपांना जायच्या आधी हलिमाने हात वर केला. "मुस्तफा, थांब जरा. मला गरगरतंय."

तिची साखर उतरली होती. एक फेरी जास्त झाली, हे ती बोलली नाही. त्याने तिला खाली आणलं, मशिदीबाहेरच्या अंगणात एका दरवाजाजवळ सावलीत खुर्ची लावली, चाकांचे ब्रेक दाबले. "रस घेऊन येतो. पाच मिनिटं." गर्दीत हरवू नये म्हणून तिचा फोन सकाळपासून त्याच्याच कंबरेच्या पाऊचमध्ये होता. वळायच्या आधी त्याने दरवाजाचा नंबर बघून ठेवला.

रसाच्या दुकानात मोठी रांग होती. हातात गार ग्लास घेऊन तो बाहेर आला, चार पावलं चालला आणि थांबला.

नंबर बघितला होता. बघितला होता, हे आठवत होतं. निळ्या पाटीवर पांढरा आकडा. आकडा आठवत नव्हता.

समोर पांढऱ्या संगमरवराचं अंगण, हजारो माणसं आणि सावलीत लावलेल्या कितीतरी व्हीलचेअर. तो डावीकडे गेला. एका दरवाजाजवळ पंचवीस-तीस खुर्च्या होत्या, त्यांत अम्मा नव्हती. पुढच्या दरवाजाला गेला. मग वाटलं, आपण दुकानातून बाहेर पडलो ते दुसऱ्याच बाजूने. परत वळला. दुकानही दिसेना. त्याने घाईने फोन काढून अम्माचा नंबर लावला आणि स्वतःच्याच कंबरेला थरथर जाणवली.

जुहरची, दुपारच्या नमाजची अजान झाली आणि माणसं चहूबाजूंनी आत यायला लागली. शिपायांनी प्लॅस्टिकचे अडथळे ओढून वाट बंद केली. "यल्ला, हज्जी, यल्ला!"

"माझी आई आहे तिकडे," तो इंग्रजीत म्हणाला. मग हिंदीत म्हणाला. शिपायाने हातानेच दुसरी दिशा दाखवली.

साखर उतरली की अम्माला आधी घाम सुटतो, मग जीभ जड होते, मग ती शुद्ध हरपते. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात तेच झालं होतं. किती वेळ झाला? त्याला तेही सांगता येईना. त्याच क्षणी, कित्येक महिन्यांनी, डोळ्यांसमोरची गर्दी त्याला मैदानासारखी दिसली. अडथळ्याच्या टोकाशी दोन माणसांमध्ये फट पडत होती. त्याचा डावा पाय आपोआप रोवला गेला, खांदा खाली गेला आणि तो फटीतून निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. तिसरा त्याला दिसलाच नाही.

खांदा बसला तो एका म्हाताऱ्याच्या बरगडीवर. म्हातारा आवाज न करता खाली पडला. रस दोघांच्याही अंगावर सांडला.

"माफ करा, चाचा, माफ करा..." मुस्तफा गुडघ्यावर बसला. म्हाताऱ्याचं वजन मुलाएवढं होतं. मुस्तफाने काखेत हात घालून त्याला उठवलं. आजूबाजूची माणसं संतापून अरबीत काही बोलत होती. म्हाताऱ्याने बरगडी चाचपली, मुस्तफाच्या तोंडाकडे बघितलं आणि का कोण जाणे, त्याच्याच गालावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. मग त्याला आपल्या शेजारी रांगेत उभं केलं. नमाज सुरू झाली होती. हलायला जागाच नव्हती. मुस्तफाने कपाळ गरम फरशीला टेकलं तेव्हा त्याच्या मनात दुआ नव्हती, फक्त आकडे होते. त्याला हवा असलेला त्यांत नव्हता.

नमाज संपली, सलाम फिरवला आणि फोन वाजला. सौदीचा अनोळखी नंबर.

"मुस्तफा?" हलिमाचा आवाज. "कुठं हायस?"

"येतो अम्मा. रांग होती. मग नमाज उभी राहिली. तू बरी आहेस ना?"

"मी बरी हाय. इथं राबिघ गावाला राहणाऱ्या एक बाई भेटल्या, आपल्याच कोकणातल्या. त्यांनी खजूर दिला, त्यांचाच फोन हाय हा. तुझा नंबर मला तोंडपाठ हाय ना." ती थांबली. "कुठल्या दरवाजाला हायस तू?"

"येतो म्हटलं ना. जवळच आहे."

"मुस्तफा."

त्याने आजूबाजूच्या पाट्यांवरून नजर फिरवली.

"मी कुठं बसलेय सांग."

शेजारचा म्हातारा जाण्यासाठी त्याच्या खांद्याला धरून उठला. मुस्तफाने डोळे मिटले. डॉक्टरला, बायकोला म्हणजे अरवाला, क्लबला, कुणालाच न सांगितलेलं वाक्य त्याला तिथे, त्या गर्दीत बसून म्हणावं लागलं.

"अम्मा, मला आठवत नाही."

पलीकडून ती कुणाला तरी दरवाजाचा नंबर विचारताना ऐकू आली.

"बरं," हलिमा म्हणाली. "फोन ठेवू नको. तुझ्यासमोर कुठला नंबर दिसतो तो वाच. मी सांगते तसा चाल."

तो चालला. समोरची पाटी वाचायची, सांगायची, ती म्हणेल तिकडे जायचं. मधेच ती बदरुन्निसाला, म्हणजे त्या राबिघच्या बाईला, विचारून घ्यायची. "उजव्या अंगाला ये. जिना लागला? जिना चढू नको. सरळ." साऱ्या आयुष्यात मैदानावर दुसऱ्यांना ओरडून सांगणारा माणूस आईच्या आवाजामागे पाऊल टाकत होता. शेवटी ती म्हणाली, "आता वर बघ," आणि ती समोर होती. जिथे बसवली होती तिथेच, चाकांचे ब्रेक तसेच दाबलेले.

"हलल्या नाहीत त्या," बदरुन्निसा म्हणाली. ती साठीची, ठेंगणी बाई होती. नवरा राबिघच्या रिफायनरीत तीस वर्षं फिटर. "मी म्हटलं चला, ऑफिसात जाऊन नाव पुकारू या. तर म्हणतात, मी हलले तर तो शोधायचा कसा? घाबरलास ना, बेटा? बस, बस." तिने त्याच्या हातात खजूर कोंबला आणि शहाण्या माणसासारखी पाणी आणायच्या निमित्ताने बाजूला गेली.

मुस्तफा फरशीवर खुर्चीला टेकून बसला.

"ऑक्टोबरात तू दुपारचा घरी आलास," हलिमा म्हणाली. "म्हणालास, चहा प्यायला आलोय. अर्ध्या तासानं अरवाचा फोन आला, तुझ्या पोरीला, इकराला, शाळेतून घ्यायला कुणी गेलं नाय म्हणून."

"हो."

"त्या दिवशी तू चहाला आला नव्हतास."

"नाही," तो म्हणाला. "गाडी चालवत होतो. कुठे जायचं ते गेलं डोक्यातून. तुझं घर तेवढं आठवलं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टरला माहीत नाही. मोसम सुरू व्हायच्या आधी संगणकावर एक परीक्षा घेतात, अम्मा. चित्रं, आकडे लक्षात ठेवायचे. मार लागल्यावर तीच परत घेतात, फरक पडला का बघायला. आम्ही पहिली परीक्षा मुद्दाम वाईट देतो. म्हणजे पुढे फरक दिसत नाही." तो हसायला गेला, जमलं नाही. "मंगळवारीही तेच करणार होतो."

हलिमाने बोटातला काउंटर काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या बावाला मी कधी सांगितलं नाय, ती सही मी केली म्हणून. मरेपर्यंत त्याला वाटलं, तूच कुणाची तरी आणलीस."

"मी तुला दोष देत नाही."

"देऊ नकोच. चौदा वर्षं मी दर शनिवारी टीव्हीकडं पाठ करून बसले आणि मॅच संपल्यावर तुला फोन केला. तू बोललास की मग जेवले." ती पुढे झुकली. "पुढच्या वर्षी फोन केला आणि माझं नाव तुला आठवलं नाय तर?"

बदरुन्निसा पाणी घेऊन आली. तिघांनी मिळून सई केली, सफा ते मरवा. मुस्तफा खुर्ची ढकलत होता, आकडा दोघी मोठ्याने म्हणत होत्या. शेवटी बदरुन्निसाने कात्रीने हलिमाच्या केसांची बोटभर बट कापली, तिची गळाभेट घेतली आणि राबिघच्या बसला निघून गेली.

उमरा संपताना पुरुषांनी डोकं भादरायचं असतं, ते बाकी होतं. न्हाव्यांच्या दुकानांची रांग होती. हलिमाची खुर्ची दाराशी लावून मुस्तफा आत बसला. न्हावी पाकिस्तानी, हात वेगाने चालणारा. अर्धं डोकं झालं असेल नसेल तोच फोन वाजला. नव्या क्लबचा मॅनेजर होता.

"मुस्सी, मंगळवारी दहाची वेळ ठरली. बारापर्यंत तपासणी संपेल, मग फोटो काढू."

मुस्तफाने आरशात बघितलं. दाराशी हलिमा बसली होती. तिला इंग्रजी जेमतेम समजायचं, पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मी येत नाही," तो म्हणाला.

"बुधवारी चालेल का?"

"बुधवारीही नाही. माझं डोकं ठीक नाही. सप्टेंबरपासूनच नाही. आधीच्या परीक्षा खोट्या होत्या."

वस्तरा थांबला होता. मॅनेजरही थांबला. "हे मला लेखी लागेल," तो अखेर म्हणाला.

"देतो."

"सॉरी, मेट." मग थोड्या वेळाने, "चांगला हाफ होतास तू."

होतास. फोन बंद झाला तरी मुस्तफा तो कानाशी धरून बसला.

"कर दूँ पूरा, भाई?" न्हाव्याने विचारलं.

"हां, कर दो."

तो बाहेर आला तेव्हा दुपारचं ऊन अजून कडक होतं. चकाकत्या टाळूवर कितीतरी पांढरे व्रण उघडे पडले होते, केसांखाली इतकी वर्षं कुणाला न दिसलेले. हलिमाने त्याला वाकायला सांगितलं. खुर्चीसमोर तो गुडघे टेकून बसला. तिने एका जखमेच्या खुणेवर बोट ठेवलं.

"ही?"

"दोन हजार तेरा. घरच्या मैदानावर. पाऊस होता. समोरच्याचा दात घुसला. सहा टाके, पण बारा-दहाने जिंकलो."

"आणि ही?"

"तीन वर्षांनंतरची. गोलपोस्टचा खांब. ट्राय झाली होती, पंचाने नाकारली." तो भराभर सांगत होता, दिवस, मैदान, गुण, कुणी कुणाला चेंडू दिला तेसुद्धा.

तिचं बोट कानामागे गेलं. तिथली खूण लांब होती, अजून गुलाबी.

"ही?"

मुस्तफा थांबला. रस्त्यावरून बस गेली, माणसं गेली.

"ही मला आठवत नाही, अम्मा."

हलिमाने बोट काढलं नाही, तिथेच ठेवलं. मग त्याच्या खांद्यावरच्या पांढऱ्या कापडाचं टोक उचललं आणि त्याचं डोकं झाकलं.

"चल," ती म्हणाली. "ऊन लागतंय तुला."