कोरं चित्र

कॅमेरा बसवणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या कांगशान गावी येऊन स्क्रूच्या कारखान्यात बसवून दाखवावा. तेल उडतं, जमीन थरथरते, ठोकायच्या यंत्रांपुढे माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि मालक दर दहा मिनिटांनी येऊन विचारतो, झालं का. बावीस वर्षं मी हेच करतोय. नाव को बिंगसेन, पण सगळे मला कॅमेरावाला आ-सेन म्हणतात. माझं तोंड वाईट आहे हेही सगळ्यांना माहीत आहे.

ही गोष्ट यान मालकांच्या कारखान्यातल्या यंत्राची. त्यात काचेची मोठी गोल चकती फिरते आणि स्क्रू तिच्यावर एकामागून एक येऊन पडतात. खालून दिवा, वरून कॅमेरा. स्क्रू सेन्सरसमोर आला की कॅमेरा चित्र घेतो. आटे बिघडलेला किंवा वाकलेला असेल तर हवेचा झोत त्याला बाजूच्या डब्यात उडवतो. मिनिटाला चारशे स्क्रू.

त्याच कोपऱ्यात माझी आई एकतीस वर्षं हेच काम करत होती. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूब, समोर स्क्रूचा ढीग. डावा तळहात काचेवर सपाट ठेवायचा आणि उजव्याने स्क्रू चाळायचे, ही तिची पद्धत. डावा हात कशाला ठेवतेस विचारलं की म्हणायची, काच थरथरली तर डोळे फसतात, म्हणून धरून ठेवते. त्या हाताची करंगळी एकदा डब्याच्या झाकणात सापडून मोडली होती आणि वाकडीच जुळली. हात कुठेही ठेवला तरी ती बाहेर पडलेली असायची. कपाळाला पुदिन्याचं तेल चोळायची, त्यामुळे तिच्या कोपऱ्याला तो वास होता. कारखान्यात सगळे तिला बुआन मावशी म्हणत.

यंत्र मीच मालकांना विकलं. ती स्टुलावर बसलेली असताना तिच्या पाठीमागे उभं राहून मी जागेची मापं घेतली. ती वळून म्हणाली, "नीट घे माप. आणि मला एवढं सांग, आता मी हात कुठे ठेवू?" सगळे हसले. मीही हसलो. यंत्र येऊन पडलं त्याच आठवड्यात तिला झटका आला आणि तीन दिवसांत ती गेली.

गेलेलं माणूस सातव्या दिवशी घरी येतं. आपलं घर बघतं, जेवतं, आणि मग त्याला पुढची वाट धरता येते. त्या वेळी मुलाने घरात हवं, आणि आईला मुलगा मी एकटाच. मोठ्या बहिणीने, युएचीने, सगळी तयारी केली होती. बकऱ्याचा रस्सा, तांदळाच्या शेवया, पेरूच्या फोडी, सगळं आईच्या आवडीचं. अंधार पडायच्या आत ये, मी हाक मारायला बसेन तेव्हा तू शेजारी हवास, असं तिने मला दोनदा बजावलं.

त्याच दिवशी मालकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता जपानी गिऱ्हाईक यंत्र बघायला येणार होतं. तुझ्या घरी विधी आहे, उद्या पहाटे आलास तरी चालेल, असं ते स्वतःच म्हणाले. मीच म्हटलं, आज येतो. खरं सांगायचं तर आईच्या फोटोसमोर बसायची माझी हिंमत नव्हती. मालकांनी एवढंच सांगितलं की बाहीवरचा सुतकाचा कापडी तुकडा काढून ये, यंत्र नवं आहे. मी तो काढून खिशात घातला. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून मालकांनी त्याच्या पेटीवर खाऊचा हिरवा पुडा ठेवला होता आणि त्यावरची तारीख मला तीनदा दाखवली. मुदत संपलेला पुडा ठेवला की यंत्र बिघडतं, यावर इथे कुणी वादसुद्धा घालत नाही.

लेन्सचं अंतर, दिव्याचा उजेड, सेन्सर, सगळं साडेपाचपर्यंत जमलं. तोवर पाळी सुटून माणसं घरी गेली होती. राहिलं होतं ते कोरं चित्र. चकतीवर एकही स्क्रू नसताना कॅमेऱ्याला रिकामी काच दाखवायची. उजेड कुठे कमी, कुठे जास्त, दिव्याच्या काचेवर ओरखडे कुठे, ते सगळं त्या चित्रात येतं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून यंत्र तेवढं वजा करतं. कोऱ्या चित्रात जे असेल ते यंत्राच्या लेखी नसतंच. म्हणून कोरं चित्र घेतल्यावर ते उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, नुसत्या आकड्यावर जायचं नाही, असं मी बाकीच्यांना ओरडून सांगत असतो. दिव्यावर माशी बसलेली असली तर ती माशी यंत्राला पुन्हा दिसायची नाही.

मी यंत्राचं झाकण लावलं. ते उघडं असलं तर चकती फिरतच नाही. बटण दाबणार एवढ्यात युएचीचा फोन आला. सहा वाजून गेले, कुठे आहेस, म्हणाली. निघालोच, म्हटलं. तू निघालोच म्हणतोस तेव्हा तुझा अजून तासभर बाकी असतो, म्हणाली, आई येऊन परत जाईल. एका हातात फोन धरून मी दुसऱ्या हाताने बटण दाबलं. यंत्राने लागोपाठ चौसष्ट चित्रं घेऊन त्यांची सरासरी काढली. उजेडाचा आकडा नेहमीपेक्षा जरा कमी आला. दिवा नवा आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून मी पुढे गेलो. चित्र उघडून बघितलं नाही.

मग पाचशे चांगल्या स्क्रूंमध्ये वीस वाईट मिसळून सोडले. वीसच्या वीस उडाले. चित्रं अगदी स्वच्छ. इतकं सरळ माझं कुठलंच काम होत नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पुदिन्याचा वास येत होता, पण तो त्या कोपऱ्यात नेहमीच असायचा. सव्वासातला यंत्र बंद करून मी निघालो. रेल्वेपुलाच्या चढावर स्कूटर ओढेना, मागे कुणी बसल्यासारखी. पट्टा बदलायला झालाय, असं म्हणत मी तिला रेटत घरी आणली.

युएची फोटोसमोर गुडघ्यांवर बसली होती. हातात चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे. एक उताणा आणि एक पालथा पडला की होकार. मी उंबरा ओलांडला तेव्हा ते जमिनीवर पडतच होते. एक उताणा, एक पालथा.

"दीड तास विचारतेय, आई, आलीस का," ती म्हणाली. "दीड तास ती 'नाही'च म्हणाली. तू दारातून आत आलास आणि हो म्हणाली. समजलं का तुला? तुझ्यावर रागावून बाहेर उभी होती ती. घरी यायच्या एकाच रात्री तिला दारात ताटकळत ठेवलंस."

मी उदबत्ती लावली. युएची जेवली नाही. रस्सा निवून वर चरबीची साय धरली. आई उपाशी, रागावलेली अशी गेली असेल तर ते मी कसं भरून काढणार, या विचाराने माझा डोळा लागला नाही.

सकाळी सात वाजता मी कारखान्यात पोचलो. मालक आणि मी, दोघेच. मी यंत्र चालू केलं, स्क्रू सोडले, आणि पडद्यावर पांढरा हात आला.

प्रत्येक चित्रात, त्याच जागी. आजूबाजूची काच राखाडी आणि मध्ये हाताच्या आकाराचा लख्ख पांढरा डाग. त्यावरून जाणारे स्क्रू उजेडात विरून जात होते आणि यंत्र चांगले स्क्रू उडवत होतं. मालक म्हणाले, काचेला कुणाचा तरी तेलकट हात लागलाय. मी काच पुसली, लेन्स पुसली, केबल बदलली. हात तिथेच.

मग डोकं चालायला लागलं. डाग काळा असता तर काचेवर काहीतरी आहे असं झालं असतं. पांढरा डाग म्हणजे उलटं. आत्ता काचेवर काही नाही, पण कोरं चित्र घेतलं तेव्हा होतं. मी ते चित्र उघडलं. वेळ सहा वाजून बारा मिनिटं. चित्रात डाव्या हाताची काळी सावली होती, तळवा सपाट टेकलेला, आणि करंगळी बाहेर पडलेली.

झाकण बंद होतं. काच फिरत होती. चौसष्ट चित्रांच्या सरासरीत हलणारी वस्तू पुसट होऊन जाते, आणि या हाताच्या कडा सुरीने कापल्यासारख्या होत्या. म्हणजे सगळा वेळ तो जराही हलला नव्हता. मालकांनी डोक्यावरची टोपी काढली. "बुआन मावशी," ते म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

माझ्या डोक्यातला हिशेब थांबेना. काल चाचणीत चित्रं स्वच्छ आली, म्हणजे यंत्र बंद करेपर्यंत हात काचेवरच होता. सव्वासातला मी निघालो. दारातून आत शिरलो तेव्हा लाकडी तुकड्यांनी हो म्हटलं. आई बाहेर ताटकळत नव्हती. ती माझ्याजवळ उभी होती आणि मी एकदाही मान वर केली नव्हती.

मी ते चित्र युएचीला पाठवलं आणि फोन लावला. सगळं सांगितलं.

"करंगळी," ती म्हणाली. मग नाक ओढलं. "म्हणजे तुला न्यायला गेली होती. लहानपणीही तेच. मी ताटं वाढून बसायचे आणि ती तुला खेळातून ओढून आणायला जायची."

मी फोनवर असतानाच पाळी सुरू व्हायचा, आठचा भोंगा झाला. आणि माझ्या डोळ्यांसमोर, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना, पांढरा हात नाहीसा झाला. चित्रं पुन्हा स्वच्छ. पुदिन्याचा वास आला. मालक मागून म्हणाले, झालं का दुरुस्त. मी काहीच केलं नव्हतं; हात पुन्हा काचेवर आला होता, म्हणून वजाबाकी जुळली. एकतीस वर्षांत आईला आठच्या भोंग्याला कधी उशीर झाला नव्हता, आजही झाला नव्हता, एवढंच.

दहाला जपानी माणसं आली, चित्रं बघून माना डोलावल्या, सही करून गेली. पाचला भोंगा झाला आणि पांढरा हात परत आला. मालक रडकुंडीला आले. पण मला यंत्राची चिंता नव्हती. घर बघून झालं, विधी झाला, तरी आई कामावर येत होती. असं किती दिवस येणार?

मी युएचीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"जेवलीही नसेल ती. काम राहिलंय म्हणून उठून गेली असेल. आ-सेन, तिच्या जागी यंत्र तू बसवलंस. मग तिचं काम संपलं हेही तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

मी तिथेच नवं कोरं चित्र घेतलं. या वेळी उघडून बघितलं. रिकामी काच, दिव्यावरचे ओरखडे, बाकी काही नाही. आकडाही बरोबर आला. आता यंत्राला तिच्या हाताची गरज उरली नव्हती, आणि सकाळी ती येईल तेव्हा तिचा हात मध्ये येणार होता. बटण दाबताना मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बाहीला सुतकाचा तुकडा लावूनच गेलो. मालकांनी तो बघितला आणि बाजूला होऊन वाट दिली. युएची माझ्या मागे स्कूटरवर बसून आली होती, मांडीवर रश्श्याचा डबा. तिने आईचं जुनं स्टूल ओढून यंत्रासमोर ठेवलं आणि त्यावर डबा उघडला. मी स्क्रू सोडले. चित्रं स्वच्छ होती. आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे राहिलो.

आठचा भोंगा झाला. पडद्यावर हात आला, या वेळी काळा. त्याच्याखाली स्क्रू दिसेनात. हवेचा झोत सुटला आणि चांगले स्क्रू खणाखणा वाईटाच्या डब्यात पडू लागले. हात हलेना. आईला ते खणखणणं ऐकू येत असेल, आपल्यामुळे माल वाया जातोय हे तिला कळत असेल, असं वाटून मी यंत्राजवळ सरकलो. चांगला स्क्रू वाया गेलेला तिला कधी खपत नसे.

"आई," मी म्हटलं, "हात उचल. मी काच घट्ट बसवलीय, आता ती थरथरत नाही."

काही झालं नाही. युएचीने माझा दंड धरला. तिची नखं रुतत होती.

"अजून एक सांग तिला," ती हळूच म्हणाली. "तिने विचारलं होतं ते."

आता मी हात कुठे ठेवू, याचं उत्तर मी आईला कधी दिलंच नव्हतं. मी वाकून माझा डावा तळहात स्टुलावर, डब्याच्या शेजारी, उताणा ठेवला.

"इथे ठेव," मी म्हटलं.

पडद्यावर अंगठा पुसट झाला. मग एकेक बोट. स्क्रूंचा आवाज विरळ होत गेला. माझ्या तळहातावर गार वजन आलं, फार नाही, भाताच्या वाटीएवढं. सगळ्यात शेवटी काचेवरून वाकडी करंगळी उचलली गेली.