अळणी नान

मिठाचं वाडगं भरलेलंच होतं. जर्मनचं, एका कडेला चेपलेलं, भट्टीमागच्या फळीवर. या वेळेला ते रिकामं असायला हवं होतं, आणि मीठ तर काठोकाठ, काल भरलं तसंच... बकरचा हात सळईवर थबकला. म्हणजे मीठ पडलंच नाही. रोज पीठ हाताखालचा करीम मळतो; पण करीम सकाळीच कब्रस्तानात गेला, माझ्या भाच्याच्या, शाहोच्या थडग्याभोवतीची जागा झाडायला, आणि मी मळलं, डोकं ठिकाणावर नसताना. पहिल्या खेपेचे नान तर लोक घेऊनही गेले.

बाहेर बाजार मुका होता. शाहोला जाऊन आज चाळिसावा दिवस, म्हणून सगळ्या बोकान गावाने शटरं खाली ओढली होती. उघडं काय, तर दवाखाना आणि भट्टी — संपातही माणसाला खायला लागतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. पण ज्याच्या बहिणीचा मुलगा चौकात शिपायांची गोळी लागून पडला, त्याचंच दुकान तेवढं चालू असावं, याची बकरला सकाळपासून लाज वाटत होती.

रांगेतल्या हलीमाआजीने तिथंच तुकडा मोडून तोंडात टाकला.

"काक बकर, भावा, आज मीठपण संपावर गेलं का रे?"

मागे कुणीतरी हसलं. मग तिचं तिलाच काही सुचलं असावं. चघळता चघळता ती थांबली. "बरोबर केलंस," ती हळूच म्हणाली. "आजच्या दिवशी तोंडाला चव हवी कशाला." आणि तिने ते मागच्या बाईला सांगितलं, तिने तिच्या मागच्याला — बकरने आज मीठ घातलं नाही.

आजी, तसं नाही हो... त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बायका नान फडक्यात इतक्या जपून बांधत होत्या की त्याला ते बोलवेना. फुकटचा मोठेपणा घेतोयस बकर, त्याने स्वतःला सुनावलं, आणि पुढचा गोळा थापला.

तेवढ्यात शिपायांची गाडी थांबली. रांग आपोआप बाजूला झाली. कॅप्टन मोहसिनी परमुलखातला माणूस, पण या गावात बदलून आल्यापासून नान इथलाच खायचा, आणि ते चारचौघांत सांगायचाही. चाळीस दिवसांपूर्वी दवाखान्याच्या मागच्या दारातही त्याने तेच सांगितलं होतं... बहीण गलावेज अनवाणी उभी, आणि हा म्हणतोय, "गच्चीवरून पाय घसरला, एवढंच सांगायचं. तुमचं मीठ खाल्लंय उस्ताद, म्हणून देह देतोय. बाकीच्यांना तोही मिळत नाही." दफन उरकल्यावर गलावेज म्हणाली, "तुझ्या मिठाने मेलेला परत दिला, बकर. जिवंत होता तेव्हा कुठे होतं ते मीठ?"

"थकलेले दिसता, उस्ताद," मोहसिनी म्हणाला. गरम नानाचा कोपरा त्याने मोडला. "दुपारी कब्रस्तानात कुणी फिरकायचं नाही. बहिणीला घरात ठेवा. खाल्ल्या मिठाला जागतो मी, म्हणून आधी सांगायला आलो." तो चावत राहिला, मग चावणं मंदावलं. "यात मीठ नाही."

हलीमाआजीने हातातलं फडकं घट्ट धरलं.

विसरलो. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं! विसरलो साहेब, वय झालं — की हा हसेल, पाठ थोपटेल, भट्टी उद्याही पेटेल, गलावेज सुखरूप राहील... आणि उद्याच्या नानात मीठ असेल, ते हा खाईल, आणि पुढच्या वेळी कुणाच्या तरी मुलाचा देह देताना पुन्हा त्याच मिठाची आठवण काढेल. शब्द जिभेवर तयार होता, पण तो तिथून हलेना.

"नाही घातलं," तो म्हणाला.

मोहसिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या एकेकाकडे. उरलेला नान त्याने नीट घडी करून फळीवर ठेवला. "दुपारी बघू," म्हणाला, आणि गेला.

"माझे अजून चार राहिलेत रे," हलीमाआजी म्हणाली. तिने ते फडकं पुढे केलं.

हे शौर्य नव्हतं. हा भट्टीला सील ठोकेल, की थेट गलावेजच्या दारात जाईल? तिचा निरोप होता, थडग्यापाशी वाटायला नान घेऊन ये. त्यासाठी दुसरं पीठ घ्यायचं होतं. बकरने परातीत पीठ ओतलं, मधे आळं केलं, पाणी सोडलं. सवयीने हात वाडग्याकडे गेला, बोटं मिठात रुतली, आणि तिथंच राहिली... घातलं तरी, न घातलं तरी, आता विसरलो म्हणायची सोय नव्हती.