दोन पंगतींची बालवाडी

वासंतीबाई दिघ्यांच्या बालवाडीला बावीस वर्षं झाली, पण आजवर कुणी त्यांना परवाना विचारला नव्हता. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या त्यांच्या घराचा तळमजला, दोन प्रशस्त खोल्या, मागे पेरूचं झाड असलेलं अंगण आणि चौतीस पोरं, एवढाच त्यांचा पसारा. मदतीला मंगला होती. तीही पहिल्या दिवसापासूनची. नाकं पुसण्यापासून रडणाऱ्याला कडेवर घेण्यापर्यंत सगळं तीच बघायची. शिकवायच्या मात्र वासंतीबाई एकट्या.

मार्च महिन्यात जिल्हा कार्यालयातून पत्र आलं. त्यांचे यजमान दिलीपराव बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी हिंदी त्यांना तोंडपाठ. चष्मा कपाळावरून खाली ओढत त्यांनी पत्र दोनदा वाचलं. यापुढे नोंदणीशिवाय बालवाडी चालवता येणार नव्हती. एका वेळी वीस मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका आणि एक सांभाळणारी बाई हवी होती. सगळ्यांची पोलीस पडताळणी, दारावर कॅमेरा, मुलांच्या उंचीचे नळ. तीन महिन्यांची मुदत होती.

"नळ खाली घेऊ, कॅमेरा बसवू," दिलीपराव म्हणाले. "त्यात काय विशेष नाही. पण हे शिक्षिकेचं बघ. बालशिक्षणाची दोन वर्षांची पदविका लागेल म्हणतात."

"आणि माझ्यासारखी बारावीवाली चालणार नाही?"

"सांभाळणारी बाई म्हणून चालेल."

ज्यांना वासंतीबाईंनी पाटीवर पहिली रेघ ओढायला शिकवली, ती पोरं आता इंजिनियर होऊन पुण्या-बंगलोरला होती. दिवाळीत घरी आली की पेढे घेऊन यायची. आणि आता त्याच खोलीत त्यांना शिकवायची मनाई! त्या दिवशी त्यांनी पोळ्या एवढ्या जोरात लाटल्या की दिलीपराव स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे फिरले.

त्यांच्या बहिणीचा मुलगा प्रसाद देवास गेटजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवायचा. नोंदणीचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला त्या त्याच्याकडे गेल्या. सगळं ऐकून घेऊन तो हसला.

"मावशी, एवढं टेन्शन कशाला घेतेस? एक जण आहे ओळखीचा. पंधरा दिवसांत डिप्लोमा हातात. कुठे जायचं नाही, परीक्षा नाही. तू फक्त फोटो अन् आधार पाठव."

"खरा असेल तो?"

"शिक्का तर खरा असेल ना," प्रसाद म्हणाला. "बघतंय कोण?"

वासंतीबाईंनी त्याला नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर घरी येऊन त्यांनी कपाटातून पासपोर्ट साइजचा फोटो काढून पर्समध्येही ठेवला. दोन दिवस तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी वर्गात एका पोराने दुसऱ्याच्या चित्रावर पाणी सांडलं आणि साफ नाकबूल केलं. सवयीने त्या म्हणाल्या, "खरं सांग बाळा, खरं सांगितलंस तर मी मुळीच रागावणार नाही." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांची नजर खुंटीवरच्या पर्सकडे गेली. दुपारी त्यांनी प्रसादला फोन करून सांगितलं, "ते राहू दे रे. मी दुसरं काही तरी बघते."

ते दुसरं म्हणजे केतकी. ऋषिनगरला राहणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची, इंदूरहून पदविका करून नुकतीच परतलेली. अर्जाच्या रकान्यात शिक्षिका म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं. त्याखाली, सांभाळणाऱ्या बायांमध्ये, मंगला आणि वासंती.

"बाई, आता तुम्ही अन् मी एकाच पोस्टवर," मंगला म्हणाली. तिने थट्टेनेच म्हटलं होतं, पण वासंतीबाईंचा चेहरा बघून ती लगेच भांडी विसळायला निघून गेली.

पहिले आठ दिवस वासंतीबाईंना केतकीचं काहीच पटेना. ही मुलगी पोरांना ओळीत बसवायची नाही. पाढे नाहीत, एबीसीडी नाही. वही घेऊन कोपऱ्यात बसायची आणि नुसती बघत राहायची. कोण कुणाशी खेळतं, कोण पायऱ्या कशा चढतं, असलं काहीबाही लिहायची.

"ही शिकवते तरी कधी?" त्यांनी मंगलाला हळूच विचारलं.

"काय माहीत," मंगला म्हणाली. "पण पोरं रडत नाहीत, एवढं मात्र खरं."

नवव्या दिवशी मुलं घरी गेल्यावर केतकी वही घेऊन त्यांच्यापाशी आली. "काकू, विहंगबद्दल बोलायचं होतं."

विहंग साडेतीन वर्षांचा. त्याचे वडील रेल्वेत, आई सायली घरीच असायची. सहा महिन्यांत या पोराने वर्गात चार शब्दसुद्धा उच्चारले नव्हते.

"लाजाळू आहे ग तो," वासंतीबाई म्हणाल्या. "अशी मुलं असतात. वर्षभरात मोकळी होतात. मी किती तरी बघितलीत."

"तो लाजत नाही, काकू. पोरांच्यात मजेत खेळतो. पण मी मागून हाक मारली की वळत नाही. समोरून हात केला की लगेच बघतो. नऊ दिवसांत मी सतरा वेळा करून पाहिलं." तिने वही उघडून दाखवली. सतरा नोंदी, प्रत्येकीपुढे वेळ. "त्याला नीट ऐकू येत नसावं."

"काही तरीच!" वासंतीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विहंग ठोकळ्यांचा पूल बांधत बसला होता. वासंतीबाई त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. खणखणाट झाला. खोलीतली सगळी पोरं दचकली, एक तर रडायलाच लागलं. विहंगने शांतपणे पुलावर आणखी एक ठोकळा ठेवला.

त्या तिथेच खुर्चीत बसल्या. गाणी म्हणताना हा पोरगा आपल्या हातांकडे टक लावून बघायचा. त्या कौतुकाने म्हणायच्या, बघा, किती लक्ष आहे! बावीस वर्षं त्या हजेरी घेत आल्या होत्या, आणि विहंग हाकेला ओ देत नाही म्हणून त्या स्वतःच त्याच्या नावापुढे खूण करत होत्या.

सायलीला सांगणं सोपं नव्हतं. ती आधी चिडलीच. "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात. याचे बाबा पण चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. सासूबाईंना विचारा हवं तर."

वासंतीबाईंनी तिचा हात धरला. "सायली, सहा महिने मी पण हेच म्हणत होते. चुकले मी. तू डॉक्टरांना दाखव. काही नसलं तर येऊन मला चार शब्द सुनाव, मी ऐकून घेईन."

इंदूरला तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अजून वय हातात आहे. महिन्याभरात विहंगच्या कानांमागे छोटी निळी यंत्रं बसली. पहिल्या दिवशी मंगलाने कुकर लावला होता. शिट्टी झाली तसा तो धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत तिथून हलला नाही.

त्या संध्याकाळी वासंतीबाई दिलीपरावांना म्हणाल्या, "मला ती पदविका करायची आहे. खरी."

"एक्कावन्नाव्या वर्षी?"

"मला जे दिसलं नाही ते त्या पोरीला नऊ दिवसांत दिसलं. हुशार आहेच ती, पण तिला बघायला कुणी तरी शिकवलंय. मला पण शिकायचंय ते."

दिलीपरावांनी वाद घातला नाही. रविवारी वर्ग भरणारं एक महाविद्यालय त्यांनीच शोधून काढलं.

पण मुख्य पेच सुटलाच नव्हता. मुलं चौतीस आणि शिक्षिका एक. वासंतीबाईंची पदविका व्हायला दोन वर्षं लागणार. चौदा पोरांना काढायचं, तर कुणाला काढायचं? तपासणीच्या दिवशी चौदा जणांना घरीच ठेवा, असं एका पालकाने सुचवलंही. वासंतीबाईंनी ते कानाआड केलं. अंगणात बसून त्या आणि केतकी मुलांची यादी वरखाली करत होत्या. मंगला तिथेच मटार सोलत होती.

"बाई, मी बोलू का?" ती म्हणाली. "लग्नात मांडव लहान असला की आपण पाव्हण्यांना हाकलतो का? दोन पंगती बसवतो."

केतकीने यादीच्या मधोमध एक रेघ ओढली.

"सकाळी वीस, दुपारी चौदा," केतकी हळूहळू म्हणाली. "तीन-तीन तास. नियमात एका वेळी वीस लिहिलंय. दिवसाला किती ते कुठे लिहिलंय?"

"तुला झेपेल का ग? दोन्ही वेळेला तूच लागशील."

"झेपेल की. मधे मला अर्धा तास आडवं व्हायला द्या फक्त. आणि मंगलामावशींच्या हातचं जेवण."

जूनमध्ये पर्यवेक्षक मॅडम तपासणीला आल्या. उंचीने लहानखुऱ्या, आवाजाने करड्या. त्यांनी नळ उघडून पाहिले, जिना पाहिला, पोलिसांचे कागद पाहिले. मग डोकी मोजली. वीस.

"आप टीचर हैं?" त्यांनी वासंतीबाईंना विचारलं.

"जी नहीं, टीचर ये हैं," केतकीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "मैं बच्चों को सँभालती हूँ. और पढ़ाई शुरू कर रही हूँ." त्यांनी प्रवेशाची पावती पुढे केली.

मॅडमनी पावती पाहिली, तारीख पाहिली. "लोग तो मुझे सीधा डिप्लोमा दिखाते हैं, एकदम ताज़ा छपा हुआ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडं हसल्या. "दो पाली का आइडिया किसका है?"

"इनका," वासंतीबाई म्हणाल्या. मंगलाने पदराने तोंड झाकून घेतलं.

पंधरा दिवसांनी एका वर्षाची नोंदणी मिळाली. दर वर्षी तपासणी करून ती पुढे वाढवायची होती. एकाही पोराला शाळा सोडावी लागली नाही.

जुलैतल्या पहिल्या रविवारी दिलीपरावांनी वासंतीबाईंना स्कूटरवरून महाविद्यालयापाशी सोडलं. बाईंनी नवी वही, दोन पेनं आणि डबा घेतला होता. त्या वर्गात शिरल्या तशा तिथल्या पंचवीस-तीस पोरी एकदम उभ्या राहिल्या. "गुड मॉर्निंग, मॅम!"

वासंतीबाई गोंधळल्या, मग मोठ्याने हसल्या. "अरे बैठो, बैठो! मैं भी पढ़ने आई हूँ."

पोरीही हसल्या. दुसऱ्या बाकावर सरकून एकीने जागा केली. निहारिका तिचं नाव. "आंटी, आप यहाँ बैठो ना. डब्बे में क्या लाई हो?"

"पोहे," वासंतीबाई म्हणाल्या. "सबके लिए हैं."

तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या आणि त्यांनी हजेरीपट उघडला. एकेक नाव येऊ लागलं, एकेक आवाज उठू लागला. "वासंती दिघे," मॅडमनी वाचलं. वासंतीबाई तशाच बसून राहिल्या. नावं घ्यायची त्यांना सवय होती, स्वतःचं ऐकायची नव्हती. निहारिकाने कोपर मारलं तेव्हा त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उपस्थित!"