रविवार बंद पडलेले मैदान

मित्रांनो, तुटक्या कुंपणाआड ही जी लाल, भेगाळलेली जमीन दिसते, ती म्हणजे मी, एक जुने टेनिसचे मैदान. ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम क्वीन्सलँडच्या मेंढपाळ मुलखात माझा जन्म झाला.

मला थेल्माने घडवले. तिच्या नवऱ्याला, क्लाइडला, या जागी मेंढ्या कातरायची शेड हवी होती. थेल्माने मात्र घट्ट बसणाऱ्या मातीसाठी रानातली वारुळे फोडून आणली, ती माती कुटली, भिजवली आणि लोखंडी रूळ फिरवून मला टणक केले.

"मेंढ्यांना प्यायला पाणी पुरेना आणि हिला खेळायला मैदान हवंय!" क्लाइड कुरकुरला.

"मेंढ्यांना एकमेकींची सोबत तरी असते," थेल्मा म्हणाली. "मला दिवसभरात तुझ्याशिवाय कोण दिसतं? आणि तूही कुठे दिसतोस!"

दर रविवारी तीस-तीस मैलांवरून चार-पाच घरची माणसे येऊ लागली. कुंपणावरून भांडून दोन वर्षे अबोला धरलेले दोघे शेजारी एकदा दुहेरीत एकाच बाजूला आले. "सोड, माझा!" एवढे तरी बोलावेच लागले. संध्याकाळी ते एकाच किटलीतला चहा घेत होते.

सर्वांत वाईट खेळायचा तो वॉली. लग्न न झालेला, एकटा राहणारा. त्याचा चेंडू हमखास कुंपणापलीकडे जायचा.

"वॉली, लेका, चेंडू मारतोयस की मेंढी हाकतोयस?"

"मेंढी निदान परत येते रे!"

माणसे पोट धरून हसायची. त्या हसण्यासाठीच आपण आहोत, असे मला वाटायचे.

मग दुष्काळ पडला. तिसऱ्या वर्षी क्लाइडने माझे पाणी तोडले. त्याचे मला दुःख नाही. मेंढ्या खरोखरच मरत होत्या. पण त्याने जाळेही उतरवले.

"पाणी नको घालूस," थेल्मा म्हणाली. "पण रविवार मोडू नकोस. नुसता चहा पिऊ."

"जनावरं मरतायत आणि आपण मजा करायची? जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळग. पाऊस पडू दे, कामं उरकू देत, मग खेळा हवं तेवढं."

त्याने सगळ्यांना तसे कळवले. तरीही एका रविवारी वॉली आला. धुतलेली पांढरी विजार, हातात रॅकेट. थेल्मा लांबच्या कुरणात चारा टाकायला गेली होती.

"आज काही नाहीये, गड्या. निरोप मिळाला नाही का?" क्लाइडने विचारले.

"मिळाला होता. म्हटलं, बघून यावं."

क्लाइड घाईत होता. त्याने चहा विचारला नाही. वॉली माझ्या रेषेवर थोडा वेळ उभा राहिला. मग मोटार वळवून निघून गेला.

महिन्याभराने, एका शुक्रवारी, तो पवनचक्कीवरून पडला. पाय मोडला. उठता येईना. पुढच्या गुरुवारी टपालगाडीवाला गेला, तेव्हा तो सापडला. पण फार उशीर झाला होता.

त्याला पुरून आल्यावर थेल्मा माझ्या कडेच्या बाकावर बसली. "शुक्रवारी पडला," ती म्हणाली. "आपला रविवार चालू असता, तर तो आला नाही म्हणून दुपारपर्यंत आपण त्याला शोधायला गेलो असतो, क्लाइड."

क्लाइडने उतरवून ठेवलेले जाळे आणले आणि बांधायला घेतले. त्याच्या हातून गाठ बसेना.

पुढच्या रविवारी एकच कुटुंब आले. चहा झाला. खेळायला कोणी उठले नाही. पाऊस पडला तोवर निम्मी माणसे मेंढ्या विकून शहरांकडे गेली होती.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, असे मी म्हणत नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्याकडे माणसे खेळायला जमतात ती जागा, 'सध्या वेळ कुठे आहे' म्हणून बंद पडू देऊ नका. आणि रोजचा एखादा गडी दिसला नाही, तर डाव तसाच सोडा आणि त्याच्या घरी जाऊन या.