चार बोटं उजवीकडं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. शंभर सीसीची, काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली. पट्टा आता अर्धाच उरलाय, पण मी अजून पळते, तेवढं पुरे. माझ्यात सांगण्यासारखं म्हणाल तर एकच आहे. मी डावीकडं ओढते. का ओढते, हे मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं. मला आपलं वाटायचं की सगळे रस्तेच डावीकडं उतरते बांधलेत. त्याचं खरं कारण कसं सापडलं आणि त्यापायी एका पोरीची नोकरी कशी टांगणीला लागली होती, ते आज सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. भरपूर उजेड होता आणि माझ्यासारख्या शेकडो जणी रांगेनं उभ्या होत्या. कोण कुठं जाणार, याची सगळ्यांनाच उत्सुकता. मी तर ठरवूनच टाकलं होतं की आपण एखाद्या कॉलेजच्या पोराकडं जाणार, रंकाळा तळ्यावर फिरणार. गेले कुठं, तर हातकणंगल्याजवळच्या एका गावात, बापूसो मगदूम यांच्या गोठ्याशेजारी. पाडव्याचा दिवस होता. त्यांच्या बायकोनं, प्रभावतीकाकूंनी, मला कुंकू लावलं, हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. आयुष्यातलं माझं पहिलं काम म्हणजे ते लिंबू चिरडणं.

दुसऱ्या दिवसापासून दूध. बापूसोंनी माझ्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या बसवून घेतल्या. डावीकडं मोठी किटली, उजवीकडं लहान. रोज सकाळ-संध्याकाळ गाव ते डेअरी, डेअरी ते गाव. मोठी किटली नेहमी डावीकडंच का, असा प्रश्न मला पडायचा. पण गाडीनं विचारायचं कुणाला? बापूसो मात्र माझ्यावर खूश होते. आमची गाडी एका किकला चालू होती, हे ते डेअरीत रोज कुणाला ना कुणाला सांगायचेच. ते ऐकायला मला भारी आवडायचं. खरं तर थंडीत तीन किका लागायच्या, पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. मग डेअरीचा टेम्पो दारापर्यंत यायला लागला आणि बापूसोंचे गुडघे गेले. मला शेडमध्ये लावलं, ती लावलीच. चाकांतली हवा गेली. एका मांजरीनं माझ्या सीटवर तीन पिल्लं वाढवली आणि जाताना सीट फाडून ठेवली. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. बापूसो अधूनमधून काठी टेकत यायचे, फडक्यानं टाकी पुसायचे. माझे कागद त्यांनी वेळच्या वेळी नवे करून ठेवले होते. गाडीवर बसता येत नसलेला माणूस गाडीचे कागद का सांभाळतो, हाही मला पडलेला एक प्रश्न.

गेल्या वर्षी एक दिवस शेडचं दार उघडलं आणि एक पोरगी आत आली. मागे तिचे वडील, गळ्यात मापाची टेप. वडिलांचं नाव अमीन. शहरात, शाहूपुरीत त्यांचं गाद्या-उशा शिवायचं दुकान. पोरगी शहाजादी. तिनं रक्ततपासणीचा कोर्स केला होता आणि एका लॅबमध्ये ती लागली होती. तिथल्या डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या होत्या की घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम तुला देते, पगारही बरा देते, पण स्वतःची गाडी पाहिजे आणि पक्कं लायसन पाहिजे, तेही एक तारखेच्या आत. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. स्कूटर बघायला गेले तर जुनी स्कूटरही आवाक्याबाहेर. मी मात्र स्कूटरच्या निम्म्यात मिळत होते, पेट्रोलही कमी पिणारी. गल्लीतल्या बायकांनी शहाजादीला विचारलं म्हणे, की गिअरची गाडी पोरी चालवतात व्हय? तर ती म्हणाली, गिअर काय चावतोय व्हय? हे मला नंतर कळलं, आणि पोरगी मला तिथंच आवडली.

आता शिकवणार कोण? अमीनचाचांना सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. तरी तेच शिकवायला उभे राहिले. सकाळी सहाला मैदान. मी शहाजादीला घेऊन पहिल्या गिअरमध्ये गचके खात निघायची आणि मागून चाचा माझा कॅरिअर धरून पळायचे. पायडल मारल्यासारखं मोकळं बस, घंटी वाजव, अशा सूचना. एकदा तर त्यांनी समोर बघून ब्रेक मार म्हणायच्या ऐवजी नुसतंच मार मार म्हटलं आणि पोरीनं ॲक्सिलरेटर पिळला. चाचा कॅरिअर सोडायला विसरले. त्या दिवशी आम्ही तिघंही चिखलात होतो.

पण आठवड्याभरात क्लच सुटायला लागला, गिअर पडायला लागले. पोरगी हुशार. रक्त घेताना शीर हाताला लागावी लागते तसाच क्लचही बोटाला लागतोय, असं ती अब्बांना सांगायची. सरळ रस्त्यावर आमचं झकास जमलं. अडचण वळणावर. लायसनच्या परीक्षेत आठाच्या आकड्यात गाडी फिरवायची असते आणि पाय जमिनीला लागला की नापास. डावीकडचं वळण आम्ही घ्यायचो, पण जरा जास्तच घ्यायचो. उजवीकडं वळायचं म्हटलं की मी अडून बसायची आणि तिचा डावा पाय भुईला टेकायचा. रोज. दर वेळी डावाच.

कारण काय असेल? जो तो आपला शोध लावत होता. चाचा म्हणाले हवा कमी असेल, म्हणून हवा भरली. शेजारचे उदयसिंह म्हणाले मैदानच उतरतं आहे, म्हणून मैदान बदललं. माझा नवा मेकॅनिक राजवीर, त्यानं हँडल तपासलं, चाकं तपासली आणि जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच म्हणून हात पुसले. शहाजादीनं दोष स्वतःलाच दिला. आपलाच तोल नाही, असं तिनं मनाशी धरलं. मला इतकं वाटायचं की ओरडून सांगावं, पोरी, तुझं काही चुकत नाही. पण काय चुकतंय, ते मला तरी कुठं माहीत होतं?

त्यात चाचांनी एक करामत केली. पोरगी डावीकडं पडते, तिच्या पायाला लागतं, म्हणून त्यांनी कापूस ठासून एक जाड लोड शिवला आणि माझ्या डाव्या गार्डला बांधला. गादीवाल्याचा जीव, त्याला दुसरं काय सुचणार? सकाळच्या दवानं तो लोड भिजायचा आणि वजनदार व्हायचा. मग मी आणखीच डावीकडं जायची. लोड किती छान शिवलाय, असं मात्र सगळे म्हणायचे.

परीक्षेच्या दिवशी लोड सोडला आणि राजवीरनं मला परीक्षेच्या मैदानात नेलं. शहाजादी बसली. पहिला अर्धा आठ बरा झाला. दुसऱ्या अर्ध्यात, उजव्या वळणावर, डावा पाय टेकला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी शांतपणे सांगितलं की सात दिवसांनी परत या. सात दिवसांनी म्हणजे तीस तारीख. आणि दुसऱ्याच दिवशी एक तारीख. घरी आल्यावर शहाजादीनं माझ्या टाकीवर डोकं ठेवलं आणि रडली. तिचे गरम अश्रू टाकीवरून खाली ओघळले, तेही डावीकडंच. मला स्वतःची लाज वाटली. त्या संध्याकाळी चाचा बायकोला म्हणाले की या खेपेला नाही जमलं तर गाडी विकून टाकू आणि पोरीला सांगू, लॅबमध्येच बसून कमी पगारावर काम कर.

तीन दिवसांनी बापूसो आले. माझ्या नावबदलीच्या एका कागदावर त्यांची सही राहिली होती. चाचा म्हणाले होते की आम्ही येतो, पण बापूसोंनी ऐकलं नाही. हातकणंगल्याहून रेल्वेनं आले, काठी टेकत शाहूपुरीत पोचले. सहीचं निमित्त होतं. मला बघायला आले होते, हे मला हॉर्नइतकं स्पष्ट ऐकू आलं. चाचांनी पावणं म्हणून चहा मागवला. पावणं चहा सोडून माझ्याभोवती फिरत होते. डाव्या गार्डला परत बांधलेला लोड त्यांनी दोन बोटांनी दाबून बघितला आणि हे काय झेंगट म्हणून विचारलं. मग म्हणाले, जरा बसू का हिच्यावर? गुडघे मोडले असतील, पण माणूस सवयीनं चढला. मी ते वजन ओळखलं. त्या क्षणी, खरं सांगते, रस्ता सरळ झाला.

शहाजादी मागं उभी होती. रक्त घेणाऱ्या पोरीची नजर बारीकच असते. ती दोन पावलं मागं गेली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "काका, तुम्ही असं सरकून का बसलाय?"

"कुठं सरकलोय? मधीच बसलोय की."

तिनं चाचांच्या गळ्यातली टेप ओढली आणि सीटच्या दोन्ही कडांपासून माप घेतलं. बापूसो चार बोटं उजवीकडं बसले होते. त्यांना ते पटेना. मग तिनं मागून फोटो काढला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. बापूसोंनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"आयला, व्हय की," ते म्हणाले. "म्हणूनच आमची प्रभावती म्हणती, तुमची पँट उजवीकडनंच कशी झिजती. मी आपला कापडाला शिव्या देतोय."

चाचांनी मान डोलावली, कारण झिजलेल्या कापडाचं त्यांना कळतं. मग शहाजादीनं एकेक विचारायला सुरुवात केली. दूध कसं न्यायचा? मोठी किटली कुठल्या अंगाला? डावीकडंच का? बापूसोंना यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. उजवीकडं सायलेन्सर असतोय, तापतोय, त्याच्यावर मोठी किटली ठेवली तर डेअरीत जाईस्तोवर दूध नासंल. शिवाय किक पण उजवीकडंच, पाय अडतोय. म्हणून मोठी डावीकडं. असं त्यांनी सांगितलं आणि सांगता सांगता ते वाकून माझ्या डाव्या अंगाकडं बघायला लागले. आम्हा सगळ्यांनाच तेव्हा कळलं. डावीकडच्या वजनानं माझ्या डाव्या शॉकअपची स्प्रिंग दबत गेली, सांगाडा थोडा बसला. आणि बापूसो तोल सांभाळायला रोज जरा जरा उजवीकडं सरकत गेले. किटल्या गेल्या, तरी ते सरकलेलेच राहिले. मी वाकडी झाले आणि ते माझ्यापुरते वाकडे झाले, म्हणून आमचं दोघांचं सरळ चाललं होतं. गाडी विकताना त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं. हे एवढं मात्र त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"पोरी, चुकलं माझं," बापूसो म्हणाले. "तुझा तोल चांगला हाय. माझंच वजन हिच्या अंगात राहिलंय."

शहाजादी खाली वाकली. तिनं आधी तो लोड सोडला. मग सीटवर खडूनं एक रेघ मारली, मधल्या शिवणीपासून चार बोटं उजवीकडं. पुढचे तीन दिवस ती त्या रेघेवर बसली. बापूसो तोवर गावाला परत गेलेच नाहीत. चाचांच्या दुकानात नव्या गादीवर झोपले आणि सकाळी मैदानात काठीनं जमिनीवर आठ काढून उभे राहिले. चाचा आता मागं पळत नव्हते. त्यांना करमेना, म्हणून ते नुसतेच कडेनं पळायचे.

तीस तारखेला पाय टेकला नाही. दोन्ही अर्धे पुरे झाले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. शहाजादीनं गाडी लावली, खाली उतरली आणि अब्बांना सोडून आधी बापूसोंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं. मला इतका आनंद झाला की मी बंद असूनही थरथरत होते.

मित्रांनो, आता मी रोज सकाळी लॅबचा गार डबा घेऊन निघते. तो डबा शहाजादीनं डावीकडंच अडकवलाय, कारण सायलेन्सर अजून उजवीकडंच आहे. पण तो हलका आहे. पहिल्या पगारात तिनं माझे दोन्ही शॉकअप बदलले. राजवीर म्हणाला, आता निम्मा बाक गेला, बाकीचा सांगाड्यातला आहे. चार बोटांची दोन झाली. तुम्हीही कधी माझ्यासारखी जुनी गाडी घ्याल. किती किलोमीटर पळाली, हे तर सगळेच विचारतात. तिच्यावर काय लादलं जायचं आणि कोण कसं बसायचं, तेही विचारा. चेनला तेल घाला, चाकात हवा ठेवा, आणि गाडी ओढायला लागली तर लगेच स्वतःला बोल लावू नका.

परवा लॅबमध्ये मोना नावाची नवी मुलगी लागली. तिलाही गाडी शिकायची आहे. शहाजादी मला बाहेर काढत होती, मोना मागं उभी होती. मोना मान तिरकी करून बघत राहिली आणि म्हणाली, ताई, तुम्ही अशा एका बाजूला का बसलाय?

शहाजादीनं किक मारली. मी एका किकला चालू झाले.

"कुठं एका बाजूला?" ती म्हणाली. "मधीच बसलोय की."